गॉगल कपाळावर का जातो?

एका कारखानदाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वडिलांपासून चालत आलेली फाउंड्री (धातू वितळवून ओतायचा कारखाना), मशीन शॉप आणि दोन पॉवर प्रेस धरून एकशेवीसच्या आसपास माणसं. हेल्मेट, गॉगल, हातमोजे दिले, पोस्टर लावले, न घालणाऱ्याला दंड ठेवला. तरीही महिना-दीड महिन्याला कुणाचं तरी बोट, डोळा नाहीतर पाय जायबंदी होतोच. आता मानसशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकांनी विद्यार्थ्यांना घेऊन वर्षभराचा प्रकल्प करू का, असं विचारलंय. वडील म्हणतात, माणसांना शिस्त पाहिजे, मानसशास्त्र कशाला? उपयोग होतो का, आणि करायचं तर कसं?

उपयोग होतो. तो होताना मी पाहिलाय आणि सगळी मेहनत फुकट जातानाही पाहिलीय. पंचवीस वर्षं याच पट्ट्यात सुरक्षेचं काम करतोय. सुरुवात एका फाउंड्रीत सेफ्टी ऑफिसर म्हणून झाली. चाळिशी ओलांडल्यावर मानसशास्त्रात एम.ए. केलं, कारण अपघाताच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' हेच दोन शब्द लिहून लिहून माझी मलाच लाज वाटायला लागली होती. बोट गेलेला माणूस समोर बसलेला, आणि आपण त्याच्याच नावावर बिल फाडतोय.

वडिलांना उत्तर देण्याआधी एक काम करा. तुमच्या फेटलिंगमध्ये (ओतलेला माल घासून साफ करतात त्या विभागात) जाऊन अर्धा तास उभे राहा, कुणाला काही न बोलता. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचे गॉगल डोळ्यांवर असतील, कारण मालक आलेत. मग माणसं तुम्हाला विसरतील. ग्राइंडरवरच्या माणसाने धुळीसाठी नाकातोंडावर गमछा गुंडाळलेला असतो. श्वास सोडला की गरम हवा गमछ्याच्या वरच्या कडेतून निघते ती थेट गॉगलच्या आत. काच धुरकट होते. त्याला कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) सांध्यावरची कडा नीट दिसली पाहिजे, कारण जास्त घासलं तर पीस रिजेक्ट आणि कमी घासलं तर परत. मग तो अंगठ्यानं गॉगल कपाळावर सरकवतो, कडा बघतो आणि ग्राइंडर परत टेकवतो. गॉगल खाली आणायला दुसरा हात रिकामा नसतो. हे तासाला वीस-पंचवीस वेळा. ठेकेदार त्याला नगावर पैसे देतो.

एका फाउंड्रीत मी विचारलं तेव्हा ग्राइंडरवरच्या एकानं सांगितलं होतं, "साहेब, गॉगल घातला तर डोळा वाचतोय, पर दिसतच न्हाई. न दिसता हात गेला तर?" यावर दंडाची पावती काय उत्तर देणार?

त्रास आत्ता होतो आणि प्रत्येक वेळी होतो. डोळ्यात कण जायचा तो कधीतरी, गेलाच तर. माणसाचा मेंदू या दोन गोष्टी एका तागडीत तोलत नाही, जवळचं आणि हमखास घडणारं तेच वजनदार ठरतं. दंडानं एवढंच होतं की त्रासाच्या जोडीला सुपरवायझरची भीती येते, आणि तीही सुपरवायझर दिसेपर्यंतच. तुमच्या शॉपमध्ये साहेब येताना इशारा म्हणून कोण खोकतं, ते एकदा शोधून बघा. त्या ठिकाणी आम्ही शेवटी काय केलं? पूर्ण चेहऱ्याची शील्ड, धूळ जागीच ओढून घेणारं हूड, गमछ्याच्या जागी बरा रेस्पिरेटर, आणि शील्ड पुसायला दर पाळीला कापड. (सिलिकाची बारीक धूळ गमछ्यानं अडत नाही, हे वेगळं सांगायला नको, सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग डोळ्यातल्या कणासारखा त्याच दिवशी कळत नाही, एवढाच फरक.) भाषण एकही दिलं नाही. यातलं मानसशास्त्र म्हणजे तो अर्धा तास आणि तो एक प्रश्न.

वडिलांच्या 'शिस्त' या शब्दामागे जुनी परंपरा आहे, ती त्यांची एकट्याची चूक नव्हे. अमेरिकेत हर्बर्ट हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या माणसानं १९३१ साली मांडलं की अठ्ठ्याऐंशी टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात. हा आकडा आजही आपल्याकडच्या सेफ्टी वीकच्या भाषणांत ऐकू येतो. पण त्याचा आधार होता विम्याच्या फायली आणि मालक-सुपरवायझरांनी लिहिलेले अहवाल. म्हणजे माझ्या त्या 'कारण' रकान्याचीच बेरीज! त्याच्याही आधी, १९१९ मध्ये ग्रीनवूड आणि वुड्स यांनी ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांतल्या अपघातांचं गणित मांडलं, त्यातून 'अपघाती स्वभावाचा माणूस' ही कल्पना पुढे फोफावली. "त्याच्या हातूनच नेहमी होतं" असं आपण म्हणतो, ती हीच कल्पना. जरा खोलात गेलं की बहुतेक वेळा दिसतं की 'तो' नेहमी त्याच मशीनवर, त्याच पाळीला असतो.

१९९० मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी चुकांची जी वाटणी केली, ती मला रोजच्या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडली. तुमच्याच शॉपमधली उदाहरणं घेऊ. क्रेनच्या पेंडंटवर (लोंबत्या बटणांच्या डब्यावर) 'वर'च्या ऐवजी 'खाली' दाबलं गेलं, हा हाताचा घसरा आहे. करायचं बरोबर माहीत होतं, हात चुकला. लेडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) तापवून कोरडी करायची राहून गेली, हा विसर. पावसाळ्यात उघड्या यार्डातलं भंगार वरून कोरडं दिसलं म्हणून भट्टीत टाकलं आणि आतल्या बंद पाइपात पाणी निघालं, हा अंदाज चुकला. पाण्याची वाफ होताना आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढतं, म्हणजे तो पाइप भट्टीत बॉम्बच ठरतो. आणि चौथं म्हणजे जाणूनबुजून मोडलेला नियम. आता बघा, आपण चारही गोष्टींवर एकच औषध देतो, ट्रेनिंग. ट्रेनिंगचा उपयोग फक्त तिसऱ्याला. पहिल्याला बटणांची जागा, आकार, रंग बदलावे लागतात, दुसऱ्याला कामाच्या ठिकाणीच आठवण करून देणारं काहीतरी लागतं. चौथ्यासाठी मात्र विचारावं लागतं की नियम मोडल्याशिवाय काम होतं का?

चौथ्याचं एक उदाहरण डोळ्यांसमोरून जात नाही. प्रेसला दोन हातांची बटणं होती, दोन्ही एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक (प्रेसचा दाब) येत नाही, म्हणजे दोन्ही हात आपोआप डायच्या (साच्याच्या) बाहेर. एका बटणावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ते कायमचं दाबून ठेवलेलं. पट्टी नवी नव्हती, काळीभोर, तेल पिऊन चकचकीत झालेली. म्हणजे ती कित्येक महिने तिथं होती, मेस्त्रीनं पाहिली होती, सुपरवायझरनं पाहिली होती, आणि फेरीवर जाताना मीही पाहिली असणार. "चालतंय की," म्हणत म्हणत ते कुणालाच दिसेनासं झालं. नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाच्या दुर्घटनेचा अभ्यास करणाऱ्या डायान व्हॉन यांनी या सवयीला नाव दिलं, त्याचा साधा अर्थ असा की गैर गोष्ट रोज निभावत गेली की तीच नियम वाटू लागते. नासात झालं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हायला काय हरकत आहे! चौकशीत पुढे आलं की त्या बटणाची स्प्रिंग इतकी कडक होती की हजार-बाराशे पीस काढल्यावर मनगट भरून यायचं. स्प्रिंग बदलायला फारसा खर्चही नव्हता. एक बोट त्याआधीच गेलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रेसला गार्ड नसेल, ग्राइंडिंग व्हील तडकलेलं असेल, अर्थिंग नसेल, तर प्राध्यापिकाबाईंना बोलावू नका. आधी फिटर आणि इलेक्ट्रिशियन बोलवा. धोका मुळातून काढणं, मग यंत्रानं अडवणं, हे सगळं झाल्यावर माणसाच्या वागण्याचा नंबर लागतो. मानसशास्त्राला पुढे करून यंत्रावरचा खर्च टाळणारे मालक मी पाहिलेत, आणि त्यांना साथ देणारे सल्लागारही.

आता विद्यापीठ आणि कारखाना यांच्या जोडीबद्दल. हे परदेशी खूळ नाही. १९४७ साली अहमदाबादेत विक्रम साराभाईंच्या पुढाकारानं गिरणीवाल्यांची 'अटिरा' ही संशोधन संस्था उभी राहिली, तिथं सुताच्या प्रयोगशाळांबरोबर माणसांचा अभ्यास करणारा विभाग होता, आणि तो कमला चौधरी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सांभाळला. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले ए. के. राइस यांनी तिथल्या कॅलिको मिलमध्ये ऑटोमॅटिक मागांच्या विभागात कामाची वाटणी बदलून बघितली. प्रत्येकाला एकेक तुकडा देण्याऐवजी छोट्या गटाकडे ठरावीक माग दिले. कल्पना मांडल्यावर गट कसे करायचे हे कामगारांनीच ठरवलं. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. इचलकरंजी हाकेवर असून सत्तर वर्षांत आपल्याकडे कुणी त्याची आठवण काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

मग जोडी फसते कुठे? माझ्या पहिल्या प्रयत्नात कशी फसली ते सांगतो, कारखान्याचं नाव जाऊ दे. विद्यार्थ्यांनी साठ प्रश्नांची छापील प्रश्नावली आणली. वाटली कुणी? टाइम ऑफिसनं, हजेरीच्या रजिस्टरबरोबर. भरून परत द्यायची तीही तिथंच. पंचाण्णव फॉर्म आले आणि जवळजवळ सगळ्यांत 'पूर्णतः सहमत'वर खूण. सुरक्षेचं वातावरण उत्तम! त्याच आठवड्यात गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना त्यातल्याच तिघांनी एका विद्यार्थिनीला क्रेनची साखळी कशी घसरते ते हातवारे करून सांगितलं. प्रश्नावलीची भाषाही पुस्तकी होती. 'व्यवस्थापनाची सुरक्षाविषयक बांधिलकी' म्हणजे काय, हे मला एकानं विचारलं, तर मलाही पटकन सांगता येईना. नंतर आम्ही तेच असं विचारलं: "माल अर्जंट असला की सेफ्टीचं कोण काय बोलतं का?" उत्तरं तीनच, हो, कधीकधी, न्हाई. निम्मे मोल्डर (साचे भरणारे) बिहार-उत्तर प्रदेशचे असतील तर हिंदीतही छापा, आणि वाचता न येणाऱ्याला विद्यार्थ्यानं बाजूला घेऊन विचारावं, सुपरवायझरनं नव्हे.

म्हणून तुमच्या करारात पैशापेक्षा या गोष्टी आधी लिहून घ्या. कुणी काय सांगितलं ते नावानिशी मालकाला मिळणार नाही, मालकानं मागायचंही नाही. प्रकल्पात कळलेल्या गोष्टीवरून कुणाला दंड किंवा मेमो नाही. निष्कर्ष आधी कामगारांसमोर, त्यांच्या भाषेत, मग अहवालात. विद्यापीठाला शोधनिबंध छापायचा हक्क असेल, पण कारखाना ओळखू येणार नाही. अन् सगळ्यात महत्त्वाचं, कामगारांनी सांगितलेल्या दर गोष्टीला तुम्ही पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. 'करतो', 'नाही करत, कारण हे' किंवा 'अमुक तारखेपर्यंत थांबा', यापैकी काहीही चालेल, पण गप्प बसणं चालणार नाही. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत, त्यात फाउंड्रीही आली, कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीनं कारखाना कायद्यात आली, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही समितीची कल्पना कायम आहे. तुमच्याकडे ती कागदावर असेलच. ही उत्तरं तिच्या बैठकीत द्या, म्हणजे बैठकीत चहाशिवाय काहीतरी होईल.

वर्षभरात करायचं काय, तर माझा कौल मेस्त्रीकडे. पोरगं काम शिकतं ते मेस्त्रीच्या हाताकडे बघून. तुमच्या पोस्टरकडे ते जेवणाच्या सुट्टीतही बघत नाही. इस्रायली मानसशास्त्रज्ञ डोव्ह झोहर यांनी १९८० मध्ये 'सुरक्षेचं वातावरण' मोजायची पद्धत मांडली. २००२ साली त्यांचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध झाला. अवजड यंत्रांच्या एका दुरुस्ती केंद्रात कामगारांना अधूनमधून थोडक्यात विचारायचं की तुमचे सुपरवायझर तुमच्याशी अलीकडे काय बोलले, आणि त्यात सुरक्षेचं किती होतं ते दर आठवड्याला सुपरवायझरला कळवायचं. बस एवढंच. बोलणं बदललं आणि किरकोळ दुखापती घटल्या. हे विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखं आहे. आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक मेस्त्रीच्या हाताखालची तीन माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं. मेस्त्रीला त्याचा आकडा त्याच्या एकट्याच्या हातात द्या, बोर्डावर लावू नका. कोल्हापूरचा मेस्त्री चारचौघांत कमी दिसला तर सुधारत नाही, बिथरतो.

दुसरी गोष्ट कार्डांची. 'नियर मिस रिपोर्ट' (थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद) म्हणून छापलं तर पेटी रिकामी राहते. आम्ही एका ठिकाणी कार्डावर मोठ्या अक्षरात नुसतं 'वाचलो!' छापलं, खाली दोन ओळी, नाव लिहायची सक्ती नाही. पहिल्या महिन्यात चार आली, त्यातलं एक कँटीनच्या भाजीबद्दल. तिसऱ्या महिन्यात तिसाच्या वर गेली आणि मालकांचा फोन, "अहो, तुम्ही आल्यापासून धोके वाढलेत!" त्यांना मी अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांची गोष्ट सांगितली. १९९६ मध्ये त्यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथं प्रमुख चांगली आणि वातावरण मोकळं, तिथं नोंदलेल्या चुका कमी निघतील असा अंदाज होता, निघाल्या जास्त, कारण तिथं लोक चूक लपवत नव्हते. कार्डं वाढली तर पेढे वाटायला हवेत.

याच कारणासाठी गेटवरचा 'आजपर्यंत अपघातविरहित दिवस' असा फलक असेल तर उतरवा. त्या फलकाखातर बोटाला टाके पडलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रिक्षानं आणून ऑफिसात खुर्चीवर बसवलेलं मी पाहिलंय, ४८ तासांच्या वर गैरहजर राहिला तर खबर द्यावी लागते म्हणून.

मोजमापाबद्दल प्राध्यापिकाबाई सांगतीलच, पण तुम्ही आधीच समजून घ्या. तुमच्याकडे वर्षाला आठ-दहा दुखापती. पुढच्या वर्षी सहा झाल्या तर तो प्रकल्पाचा गुण की योगायोग, हे एवढ्या लहान आकड्यावरून कुणीही सांगू शकत नाही. म्हणून दुखापतींऐवजी रोज दिसणाऱ्या गोष्टी मोजा. शील्ड डोळ्यांवर आहे का, लेडल तापवली का, बटण मोकळं आहे का, कार्डाला उत्तर किती दिवसांत गेलं. १९७८ मध्ये जुडी कोमाकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका बेकरीत असंच केलं. सुरक्षित कामाची टक्केवारी मोजून आलेख कामगारांसमोर लावला. एका विभागात सत्तरची शहाण्णव झाली, दुसऱ्यात अठ्ठ्याहत्तरची नव्व्याण्णव. मग मोजणारे थांबले, आणि दोन्ही आकडे सत्तर-बहात्तरच्या घरात आले. विद्यार्थी एप्रिलमध्ये परीक्षेला जातील तेव्हा तुमच्याकडेही हेच होणार आहे. तेव्हा पहिल्या महिन्यापासूनच तुमची दोन माणसं, शक्यतो एक तरुण सुपरवायझर आणि एक कामगार प्रतिनिधी, विद्यार्थ्यांबरोबर फिरू द्या. सहाव्या महिन्यानंतर मोजणी त्यांनी करायची, विद्यार्थ्यांनी फक्त तपासायची.

थकव्याचा विषय बहुतेक प्रकल्पांत राहून जातो, तो सोडू नका. रात्री वीज सवलतीच्या दरात मिळायची म्हणून आपल्याकडच्या कितीतरी भट्ट्या वर्षानुवर्षं रात्रीच पेटत आल्या. आणि तुमची निम्मी माणसं करवीर, कागल, पन्हाळ्याच्या गावांतून येतात, घरी वीस-तीस गुंठे ऊस. शेतीपंपाची वीज रात्रीची असली की पाण्याची पाळीही रात्रीच. म्हणजे माणूस पहाटेपर्यंत दारं धरून उसात उभा, सकाळी जनावरं, आणि दुपारी तुमच्या लेडलपाशी. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवून दिलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कामातली सफाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. दारू पिऊन आलेल्याला तुम्ही गेटवरून परत पाठवता. जागून आलेल्याला मात्र आपण 'कष्टाळू गडी' म्हणतो. विद्यार्थ्यांना एकच प्रश्न द्या: "काल पाण्याची पाळी होती का?" आणि ज्याची होती त्याला त्या दिवशी पोअरिंगवरून (धातू ओतण्यावरून) काढून हलकं काम द्या, पगाराला हात न लावता. पगार कापलात तर दुसऱ्या दिवसापासून कुणाच्याच शेताला पाणी लागणार नाही!

वेळेचं गणितही जमवून घ्या. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या पहिल्या वर्षातच ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, त्यामुळे कॉलेजांना जागा हव्याच असतात. पण त्यांचं सत्र चार-पाच महिन्यांचं आणि तुमचा मार्च म्हणजे डिस्पॅचची धांदल. सुरुवात जुलै-ऑगस्टमध्ये करा, पहिले सहा आठवडे फक्त बघणं आणि ऐकणं, सल्ला एकही नाही. एका बॅचचे विद्यार्थी गेले की पुढच्या बॅचला ओळख करून द्यायला प्राध्यापिकाबाई स्वतः महिन्यातून एकदा शॉपवर आल्या पाहिजेत, हे करारात घाला. खर्च फार नाही. विद्यार्थ्यांचा प्रवास, विमा, छपाई. खरा खर्च पुढचा, त्यांनी दाखवलेल्या स्प्रिंगा, हूड आणि शेड करायचा, तो बजेटमध्ये आधी धरा. वडिलांना पहिल्या दिवशी प्रेझेंटेशन दाखवू नका, त्यांना त्या अर्ध्या तासाला बरोबर न्या. जुन्या माणसाची नजर तयार असते, फक्त बरीच वर्षं ती उत्पादनाच्या बोर्डाकडे लागलेली असते.

आणि एक. मानसशास्त्राला बहुतेक मुलीच असतात. त्यांच्या मापाचे सेफ्टी शूज आत्ताच मागवून ठेवा, आपल्या स्टोअरमध्ये सहा नंबरच्या खाली काही मिळत नाही.